प्रोग्रॅम लिहून झाल्यावर आलेलं सूत्र

महाराष्ट्रात नोकरी करणाऱ्याच्या पगारातून दरमहा दोनशे रुपये व्यवसाय कर कापला जातो. फेब्रुवारीत मात्र तीनशे. यामागे गूढ काही नाही. हा कर एका माणसाकडून वर्षाला २,५०० रुपयांपेक्षा जास्त घ्यायचा नाही, असं राज्यघटनेच्या २७६व्या कलमाने बांधून दिलंय. अकरा महिने दोनशे आणि एक महिना तीनशे घेतले की बरोबर अडीच हजार भरतात. पगार साडेसात हजारांपर्यंत असेल तर कर नाही, त्यावर दहा हजारांपर्यंत १७५ रुपये. स्त्रियांसाठी वेगळा हिशेब आहे. २०२३च्या एप्रिलपासून पंचवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना हा कर माफ आहे, त्याआधी ही मर्यादा दहा हजारांची होती.

आता पगारपत्रक काढणारं एखादं सॉफ्टवेअर डोळ्यांपुढे आणा. ते लिहिणाऱ्याने फेब्रुवारीची ही लहर आपल्या प्रोग्रॅममध्ये कोरून ठेवली, तर दुसऱ्या राज्यात ते सॉफ्टवेअर खोटं ठरेल; दिल्लीत तर हा करच नाही. शिवाय विधिमंडळाने मर्यादा बदलली की प्रत्येक गिऱ्हाइकाकडे नवी आवृत्ती पाठवायची. त्यात प्रत्येक कंपनीचे भत्ते निराळे, कापण्याच्या रीती निराळ्या. म्हणून शहाणे सॉफ्टवेअरवाले एक रिकामी चौकट ठेवून देतात आणि सांगतात, तुमचा नियम तुम्हीच लिहा. मग अकाउंट्समधल्या बाई त्या चौकटीत पुरुष कर्मचाऱ्यांसाठी असं काहीतरी लिहितात:

जर(पगार > १००००, जर(महिना = २, ३००, २००), जर(पगार > ७५००, १७५, ०))

आणि ते चालतं! मुंबईत घडलेल्या ईआरपीनेक्स्ट या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये पगाराच्या प्रत्येक घटकाला अशी सूत्राची चौकट आहे. मूळ पगाराच्या चाळीस टक्के घरभाडं, पंधरा हजारांच्या मर्यादेत बारा टक्के भविष्यनिर्वाह निधी, जे हवं ते लिहा. ज्याने हा प्रोग्रॅम लिहिला त्याने या बाईंचं सूत्र कधी पाहिलेलं नाही. प्रोग्रॅम लिहून, तपासून, बांधून कधीच रवाना झाला आणि सूत्र आज सकाळी जन्माला आलं. तरीही तो प्रोग्रॅम ते वाचतो, समजतो आणि त्यानुसार वागतो. रोजच्या वापराने आपल्याला याचं काहीच वाटेनासं झालंय. मला विचाराल तर संगणकाच्या साऱ्या करामतींमध्ये इतकी थक्क करणारी दुसरी क्वचितच सापडेल.

थक्क व्हायचं कशाने, ते आधी नीट पाहू. बेरीज-गुणाकार करण्यात यंत्राला काहीच अवघड नाही. प्रोसेसरला ते पोटातूनच येतं. पण चौकटीत आलेली गोष्ट गणित नसते, ती अक्षरांची ओळ असते. ‘पगार’ म्हणजे प, ग, काना, र. ‘१००००’ म्हणजे एक आणि चार शून्यं अशी पाच सुटी चिन्हं. प्रेमपत्राची ओळ आणि कराचं सूत्र यांत यंत्राच्या लेखी काडीचाही फरक नसतो. प्रश्न गणिताचा नाहीच, वाचनाचा आहे.

पहिली पायरी सोपी आहे. ओळीचे तुकडे पाडायचे: हे नाव, हे चिन्ह, हा कंस, ही संख्या. प्रोग्रॅमर या तुकड्यांना टोकन म्हणतात. खरी गंमत पुढे आहे. समजा सूत्र आहे:

मूळ + भत्ता × दिवस

डावीकडून उजवीकडे भोळेपणाने वाचत गेलात तर मूळ पगारात भत्ता मिळवून त्या सगळ्याला दिवसांनी गुणाल आणि कंपनी बुडेल. गुणाकार आधी करायचा हे आपण शाळेत ‘कंचेभागुबेव’ घोकून शिकलो. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. पण ही घोकंपट्टीसुद्धा अक्षरशः पाळली तर फसवते. १० − ३ + २ मध्ये ‘बे’ हे ‘व’च्या आधी येतं म्हणून बेरीज आधी केली, तर उत्तर पाच. खरं उत्तर नऊ, कारण बेरीज आणि वजाबाकी एकाच पंगतीच्या आहेत आणि त्या डावीकडून क्रमाने करायच्या असतात. माणूस हे नजरेने सावरून घेतो. यंत्राला नजर नाही. त्याला एका वेळी एकच तुकडा दिसतो, आणि ‘भत्ता’ दिसताना पुढे गुणाकार येणार आहे की ओळ संपणार आहे हे त्याला ठाऊक नसतं.

हे कोडं १९५०च्या दशकात अनेकांनी अनेक बाजूंनी सोडवलं. झ्युरिकच्या हाइन्झ रुटिसहाउझर यांनी सूत्राकडे डोंगररांगेसारखं पाहिलं. उघडणाऱ्या कंसापाशी चढण, बंद होणाऱ्या कंसापाशी उतार. सगळ्यात उंच शिखर शोधा, तेवढं गणित करा, शिखराच्या जागी उत्तर ठेवा आणि पुन्हा पहिल्यापासून पाहत जा. कल्पना देखणी, पण दर शिखरासाठी अख्खी रांग पालथी घालायची, त्यामुळे लांबलचक सूत्रांना वेळही तसाच लागायचा.

मग १९५७मध्ये आयबीएम ७०४ या यंत्रासाठी जॉन बॅकस यांच्या चमूने फोरट्रान आणली. सूत्रांचं यांत्रिक भाषांतर ही तिची प्रतिज्ञाच होती. सूत्रांचा तो भाग पीटर शेरिडन यांनी हाताळला, आणि त्यात एक युक्ती होती. ती पहिल्यांदा वाचली की आपल्याला कोणीतरी फसवतंय असं वाटतं. त्यांनी अग्रक्रम ओळखण्याची भानगडच ठेवली नाही. चिन्ह दिसलं की त्याच्याभोवती डोळे मिटून कंस टाकायचे. अधिक दिसलं तर त्याच्या जागी ))+(( लिहायचं. गुणिले दिसलं तर )×( लिहायचं. ओळीच्या सुरुवातीला (( आणि शेवटी )) जोडायचं. झालं. क + ख × ग घेऊन बघा:

((क))+((ख)×(ग))

ख आणि ग आपोआप एका कुशीत आले! आता उलटं, क × ख + ग घ्या:

((क)×(ख))+((ग))

इथेही गुणाकार आधी. कंस दिसायला ओबडधोबड आहेत, पण एकूणएक बरोबर आहेत. कोणतं चिन्ह कुठे आहे, त्याच्या शेजारी काय आहे, काहीही पाहिलं नाही. नुसती शोधून बदली केली, आणि गणिताचा अग्रक्रम जागच्या जागी बसला. कारण सरळ आहे. अधिकच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन कंस बंद होतात आणि उघडतात, गुणिलेच्या बाजूंना एकेकच. म्हणून अधिक हे चिन्ह ओळीला जास्त खोलवर चिरतं आणि गुणिले वरवर. मूळ सूत्रातच कंस असतील तर प्रत्येक उघडत्या कंसानंतर (( आणि बंद होणाऱ्या कंसाआधी )) घालायचं. वजा आणि भागिले यांनाही हीच वागणूक. कागद-पेन्सिल घेऊन चार सूत्रांवर करून बघाच. वाचून पटत नाही, केल्यावर विसरत नाही.

पण आजच्या बहुतेक चौकटींमागे जी रीत असते तिची मुळं म्युनिकमध्ये आहेत. क्लाउस सामेलसन आणि फ्रीडरिश बाउअर यांनी १९५७मध्येच एका साध्या रचनेसाठी पेटंटचा अर्ज केला होता: शेवटी आत गेलेली गोष्ट पहिल्यांदा बाहेर येणार. आज आपण त्याला स्टॅक म्हणतो. ज्याचा निकाल आत्ता लागत नाही ते स्टॅकवर टाकून पुढे चालायचं, वेळ आली की वरचं उचलायचं. सूत्र एकदाच, डावीकडून उजवीकडे वाचून काम भागतं. मागे वळून पाहावं लागत नाही. या रीतीला सर्वांत सुबक रूप दिलं ते ॲम्स्टरडॅमच्या एड्स्खर डाइक्स्ट्रा यांनी. १९६१च्या अहवालात त्यांनी तिला रेल्वेच्या यार्डाची उपमा दिली आणि तेच नाव रूढ झालं: शंटिंग यार्ड.

दौंडला किंवा भुसावळला गाडी रखडलेली असताना खिडकीतून डबे इकडून तिकडे ढकलले जाताना ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे लगेच कळेल. आपलं सूत्र म्हणजे येणारी मालगाडी: मूळ, +, भत्ता, ×, दिवस. मुख्य रूळ सरळ पुढे जातो आणि मध्येच एक आडवा फाटा आहे, ज्याचं दुसरं टोक बंद. नियम असा की संख्या आणि नावं सरळ पुढे जातात, चिन्हं मात्र आधी फाट्यावर वळतात. ‘मूळ’ सरळ गेलं. ‘+’ फाट्यावर. ‘भत्ता’ सरळ. आता ‘×’ आलं. फाट्याच्या तोंडाशी ‘+’ उभं आहे, ते ‘×’पेक्षा कमजोर, म्हणून ‘×’ निमूटपणे त्याच्या पुढ्यात जाऊन उभं राहतं. ‘दिवस’ सरळ. गाडी संपली, फाटा रिकामा करा: आधी ‘×’ बाहेर, मग ‘+’. पलीकडे जी नवी गाडी तयार झाली ती अशी:

मूळ भत्ता दिवस × +

येणारं चिन्ह फाट्यावरच्या चिन्हापेक्षा कमजोर किंवा बरोबरीचं असेल, तर आधी उभं असलेलं बाहेर पडतं आणि मग नवं आत जातं. १० − ३ − २ मध्ये दुसरी वजाबाकी आल्याबरोबर पहिली निघून जाते, म्हणून उत्तर पाच येतं, नऊ येत नाही. उघडता कंस फाट्यावर अडसर होऊन बसतो, आणि बंद होणारा कंस आला की अडसरापर्यंतचं सगळं बाहेर काढलं जातं.

नव्या गाडीत एकही कंस नाही आणि अग्रक्रमाचा प्रश्नही उरलेला नाही. तिचं गणित करणं पोरखेळ आहे. संख्या आली की ढिगावर ठेवा. चिन्ह आलं की वरच्या दोन उचला, क्रिया करा, उत्तर ढिगावर ठेवा. मूळ २०,०००, भत्ता १५०, दिवस २४ असतील तर ‘×’ येताच १५० आणि २४ उचलून ३,६००, आणि ‘+’ येताच २३,६००. चिन्ह शेवटी लिहिण्याची ही तऱ्हा ज्या लेखनाला उलटं करून निघाली, ते पोलंडचे तर्कशास्त्रज्ञ यान वुकाशेविच यांनी १९२०च्या दशकात तर्काची वाक्यं कंसांविना लिहिता यावीत म्हणून योजलं होतं. त्यांच्यापुढे तेव्हा कोणतंही यंत्र नव्हतं. १९७२मध्ये हेवलेट-पॅकार्डचं एचपी-३५ हे खिशात मावणारं पहिलं वैज्ञानिक गणनयंत्र आलं ते याच उलट्या रीतीवर. त्यावर बरोबर चिन्हाचं बटणच नव्हतं. सवय नसलेला माणूस ते हातात घेऊन नुसता बावचळायचा, आणि सवय झालेला माणूस पुन्हा दुसरं यंत्र हातात धरायचा नाही.

इथवर आलो म्हणजे वाचनाचा प्रश्न सुटला असं वाटेल. पण काय वाचायचं यावरच एकमत नाही! ९^९^९ हे एवढंसं सूत्र घ्या, नवाचा नववा घात आणि त्यावर पुन्हा घात. एक्सेल ते डावीकडून वाचतं. आधी नवाचा नववा घात, मग त्या उत्तराचा नववा घात. ७८ अंकी संख्या येते. वहीत लिहिणारा गणिती, आणि त्याच्या वळणाने जाणारी पायथॉन ही भाषा (ती घातासाठी ^ ऐवजी ** लिहिते), वरून खाली येतात: आधी वरच्या दोन नवांचा निकाल, म्हणजे ३८,७४,२०,४८९, आणि मग नवाचा तितकावा घात. त्या संख्येत ३६,९६,९३,१०० अंक आहेत. अंक, बरं का, संख्या नव्हे. ती छापायची तर नुसते अंकच सदतीस कोटींच्या घरात. पायथॉनचे पूर्णांक मेमरी पुरेल तितके लांब होऊ शकतात, त्यामुळे कोणी गमतीने हे सूत्र चौकटीत टाकलं तर बिचारा सर्व्हर ते सोडवायला बसतो आणि बाकीच्यांना ताटकळत ठेवतो. तीच तीन नवं, तेच दोन घात.

वजा दोनचा वर्ग घ्या. −२^२ लिहिलंत तर एक्सेल चार म्हणतं, पायथॉन (तिच्या ** चिन्हाने लिहिलंत तर) वजा चार. एक्सेलच्या मते वजाचं चिन्ह दोनला चिकटलेलं आहे, पायथॉनच्या मते वर्ग आधी. आणि १९७९मध्ये ॲपल-२ वर आलेलं व्हिझिकॅल्क? हार्वर्डच्या बिझनेस स्कूलमध्ये शिकणाऱ्या डॅन ब्रिकलिन यांना तिथे सुचलेलं आणि बॉब फ्रँकस्टन यांच्यासह त्यांनी घडवलेलं ते पहिलं गाजलेलं स्प्रेडशीट अग्रक्रम मानतच नसे. साध्या कॅल्क्युलेटरप्रमाणे डावीकडून उजवीकडे, १ + २ × ३ म्हणजे नऊ. तरीही त्याने घरगुती संगणकाला कचेरीत नेऊन बसवलं. लोकांना अग्रक्रम नको होता. एक आकडा बदलला की खालचे सगळे आपसूक बदलावेत एवढंच त्यांना हवं होतं, आणि सूत्र आपलं आपण लिहायला मिळावं. माझ्या मते चौकटीत सूत्र लिहिणारा तो पहिला मोठा समुदाय होता, आणि त्यातल्या बहुतेकांनी स्वतःला प्रोग्रॅमर कधीच म्हणवून घेतलं नसेल.

एकच सूत्र पुन्हा पुन्हा चालवायचं असेल, म्हणजे हजार कर्मचाऱ्यांचा पगार काढायचा असेल किंवा आलेखावरचे हजार बिंदू, तर दर वेळी अक्षरांपासून सुरुवात करणं मूर्खपणाचं. म्हणून सूत्र एकदाच वाचून त्याचं झाड करून ठेवतात: बुंध्यापाशी ‘+’, एका फांदीला ‘मूळ’, दुसऱ्या फांदीवर ‘×’ आणि त्याला ‘भत्ता’ व ‘दिवस’ ही पानं. फार घाई असेल तर या झाडाचं थेट प्रोसेसरच्या भाषेत रूपांतर करतात, तेही प्रोग्रॅम चालू असतानाच. केन थॉम्पसन यांनी १९६८मध्ये मजकूर शोधण्याच्या नमुन्यांसाठी हे केलं होतं. वापरणाऱ्याने नमुना टाइप केला की त्यांचा प्रोग्रॅम जागच्या जागी आयबीएम ७०९४ यंत्राच्या आज्ञा तयार करी आणि त्या चालवी.

आणि एकदा झाड हाती आलं की त्याला उत्तराखेरीज इतरही गोष्टी विचारता येतात. कलनाचे नियम आठवा: बेरजेचं विकलन म्हणजे विकलनांची बेरीज, गुणाकाराचं म्हणजे पहिलं गुणिले दुसऱ्याचं विकलन अधिक दुसरं गुणिले पहिल्याचं. हे नियम झाडाच्या प्रत्येक सांध्यावर लावत खाली उतरलात तर दुसरं झाड तयार होतं, ते विकलनाचं सूत्र. वापरणाऱ्याने य × य × य लिहावं आणि न मागता त्याचा चढ-उतारही यंत्राने सांगावा. १९५३मध्ये, फोरट्रानही नव्हती तेव्हा, अमेरिकेत दोन ठिकाणी विद्यार्थ्यांनी आपापल्या प्रबंधासाठी यंत्राकडून असं विकलन करवून घेतलं होतं. त्याच झाडावरून सूत्र सुंदर मांडणीत छापता येतं, रुपये आणि दिवस यांची चुकून बेरीज होत नाही ना हे पाहता येतं, कोणतं नाव वापरलंय आणि कोणतं नाही हेही कळतं.

नावांवरून मुद्द्याचं बोलायचं राहिलं. ‘महिना’ म्हणजे काय, हे सूत्राला कोण सांगतं? सूत्र चालवणारा प्रोग्रॅम त्याला एक तक्ता देतो: पगार म्हणजे हा आकडा, महिना म्हणजे हा, ‘जर’ म्हणजे ही क्रिया. सूत्राचं सगळं विश्व त्या तक्त्याएवढं. तक्त्यात नाही ते सूत्राच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही. या कारागिरीतलं सारं शहाणपण आणि सारा धोका त्या तक्त्यात दडलेला असतो.

धोक्याची वाट मोठी मोहक आहे. आपण स्वतः वाचक कशाला लिहायचा, ज्या भाषेत प्रोग्रॅम लिहिलाय ती भाषाच वाचन जाणते की! पायथॉन, जावास्क्रिप्ट अशा भाषांमध्ये ‘ईव्हॅल’ नावाचं एक तयार फंक्शन असतं. त्याला अक्षरांची ओळ द्या, ते ती प्रोग्रॅम समजून चालवतं. या नावाचा जन्मही मजेदार आहे. १९५०च्या दशकाच्या अखेरीस जॉन मॅकार्थी लिस्प या भाषेवर निबंध लिहीत होते. लिस्पचं कोणतंही सूत्र चालवू शकेल असं एक सूत्र त्यांनी लिस्पमध्येच लिहून दाखवलं, निव्वळ सिद्धांत म्हणून. स्टीव्ह रसेल या त्यांच्या सहकाऱ्याला वाटलं, हे तर यंत्रावर बसवता येईल. मॅकार्थींनी सांगून पाहिलं की बाबा, ते वाचण्यासाठी आहे, चालवण्यासाठी नाही. रसेलनी ऐकलं नाही. हाताने यंत्रभाषेत उतरवून काढलं आणि लिस्प अचानक चालू लागली.

पण परक्या माणसाने लिहिलेली ओळ ईव्हॅलच्या हाती देणं म्हणजे कराचं सूत्र लिहायला आलेल्याला अख्ख्या भाषेची मुभा देणं. ती भाषा फाइल पुसू शकते, पासवर्ड वाचू शकते, बाहेर काहीही पाठवू शकते. मग नावांचा तक्ता रिकामा ठेवला तर? पुष्कळांना हे पुरेसं वाटतं. पुरत नाही. पायथॉनमध्ये एक रिकामी कंसजोडी लिहिता येते आणि तिला विचारता येतं, तुझा प्रकार कोणता. त्या प्रकाराला विचारता येतं, तुझा पूर्वज कोण. त्या आदिपूर्वजाला विचारता येतं, तुझे सगळे वंशज कोण. त्या यादीतून निवडत गेलं की फाइली आणि आज्ञा चालवणाऱ्यापर्यंत वाट निघते. एकही बंदी घातलेलं नाव न उच्चारता, नुसत्या रिकाम्या कंसातून सगळं घर! ज्याला हे प्रथम सुचलं असेल त्याच्या बुद्धीला दाद द्यावी की त्याला कोंडून ठेवावं, कळत नाही. ईआरपीनेक्स्टची सूत्रं पायथॉनच्याच व्याकरणात असतात. ती चालवायला त्याच्या घडणाऱ्यांनी ‘सेफ ईव्हॅल’ नावाचं वेगळं, हातपाय बांधलेलं फंक्शन का ठेवलं, ते यावरून कळावं.

२०१७मध्ये अमेरिकेतल्या इक्विफॅक्स या पतमापन करणाऱ्या कंपनीतून सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती चोरीला गेली ती अशाच एका वाटेने. त्यांच्या संकेतस्थळामागे अपाचे स्ट्रट्स हा जावा भाषेतला सांगाडा होता आणि त्यात ओजीएनएल नावाची छोटी सूत्रभाषा. आलेली फाइल कोणत्या प्रकारची आहे हे सांगणाऱ्या शीर्षकात चोरांनी सूत्र लिहिलं. शीर्षक वेडंवाकडं आहे म्हणून प्रोग्रॅमने चूक झाल्याचा संदेश तयार करायला घेतला, त्या संदेशात ते शीर्षक जसंच्या तसं घातलं, आणि संदेश बनवता बनवता त्यातलं सूत्र चालवूनही टाकलं. दुरुस्ती मार्चमध्येच उपलब्ध झाली होती. चोर मे महिन्यात शिरले. २०२१च्या डिसेंबरमध्ये लॉग-फोर-जे या जावाच्या नोंदवहीचं तेच झालं. ती नोंदी लिहिताना त्यांतली डॉलर-महिरपी कंसातली सूत्रंही सोडवत असे. माइनक्राफ्ट या खेळाच्या गप्पांच्या खिडकीत एक ओळ टाइप केली की पलीकडचा सर्व्हर दूरच्या यंत्रावरून प्रोग्रॅम आणून चालवायचा. दोन्हीकडे कोणी सूत्रासाठी चौकट ठेवलीच नव्हती. वाचणारा मात्र जागा होता आणि दिसेल ते वाचत होता.

म्हणून अनुभवी मंडळी आपला वाचक स्वतः लिहितात किंवा केवळ गणितच जाणणारी तयार लायब्ररी घेतात. चार क्रिया, कंस, ‘जर’, किमान-कमाल, पूर्णांकन, आणि बस्स. त्यात चक्रं नाहीत, स्वतःलाच हाक मारणारी फंक्शनं नाहीत. अशा भाषेला एक दुर्मीळ सुख लाभतं: तिचं प्रत्येक सूत्र कधी ना कधी संपतंच, कारण झाडाला पानं मोजकी आहेत आणि प्रत्येक पानाला एकदाच भेटायचं आहे. पूर्ण ताकदीच्या भाषेत अशी हमी कुणालाच देता येत नाही, हे ॲलन ट्युरिंग यांनी १९३६मध्येच सिद्ध करून ठेवलंय. दिलेला प्रोग्रॅम थांबेल की नाही हे दर वेळी अचूक सांगणारी कोणतीही रीत असू शकत नाही. घातचिन्ह मात्र या छोट्या भाषेतही जपून द्यावं लागतं. त्या तीन नवांचं सूत्र संपेल खरं, पण कधी?

गंमत अशी की चौकटीला ही मर्यादा फार काळ सोसवत नाही. लोक ‘जर’मध्ये ‘जर’ घालतात, मग त्यात आणखी एक, आणि एक दिवस म्हणतात की या तुकड्याला नाव देता आलं असतं तर बरं झालं असतं. एक्सेलने ते अनेक दशकं ऐकून घेतलं आणि २०२०च्या डिसेंबरमध्ये लॅम्डा जाहीर केलं. सेलमध्ये आपलं फंक्शन आपण लिहायचं, त्याला नाव द्यायचं, आणि ते फंक्शन स्वतःलाही हाक मारू शकतं. त्या दिवशी अकाउंट्सच्या बाईंची चौकट ट्युरिंगच्या यंत्राइतकी सामर्थ्यवान झाली, आणि न थांबणारं सूत्र लिहिण्याचं स्वातंत्र्यही तिच्यात आलं. कोणी तसं सूत्र लिहिलंच, तर एक्सेल त्याच्या हाकांची संख्या मर्यादेबाहेर जाऊ देत नाही. त्या सेलमध्ये अंकदोषाची खूण टाकून मोकळं होतं.